जुना फोन, लॅपटॉप विकण्याआधी डेटा कसा पुसायचा : सारखे विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत माझं लॅपटॉप-मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे आणि दिवाळीच्या सेलच्या आधी दोन आठवडे लोक हेच विचारत येतात, व्हॉट्सॲपवर पण हेच, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. एक गोष्ट आधीच सांगतो. लोक फोनला जेवढं घाबरतात तेवढं घाबरायची आता गरज राहिलेली नाही, पण जुनी हार्ड डिस्क आणि मेमरी कार्ड मात्र बिनधास्त कोणालाही देऊन टाकतात, आणि खरा धोका तिथे आहे.

१. मी सगळं डिलीट केलंय, रिसायकल बिन पण रिकामी केलीय. आता काहीच दिसत नाही म्हणजे गेलंच ना?

नाही गेलं. सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं तरी जमीन जागेवरच असते ना, तसंच आहे हे. डिलीट केल्यावर कॉम्प्युटर फक्त नोंद काढतो की या जागेवर अमुक फाइल होती, आणि ती जागा मोकळी समजतो, पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना डेटा तसाच पडून असतो. क्विक फॉरमॅटचं पण तेच.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून एक ५०० जीबीची हार्ड डिस्क घेतली होती, फॉरमॅट केलेली, उघडली तर रिकामी. सहज फोटोरेक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावून ठेवलं आणि जेवून आलो तर एका घरातल्या बारशाचे फोटो, पॅन कार्डचं स्कॅन, कुणाची तरी बारावीची मार्कलिस्ट, सगळं बाहेर. मला फार वाईट वाटलं, कारण त्या माणसाने आपल्या परीने फॉरमॅट केलं होतं, निष्काळजीपणा केला नव्हता. त्याच रात्री ती डिस्क नीट पुसली. हे काही एखाद-दुसरं उदाहरण नाही. अमेरिकेत एमआयटीच्या दोन संशोधकांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये त्यावर लेख लिहिला, त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या.

२. अँड्रॉइड फोन नुसता फॅक्टरी रिसेट केला तर पुरतं का? दुकानदार म्हणतो डेटा वाइपचे वेगळे ५०० रुपये.

गेल्या सहा-सात वर्षांतला फोन असेल तर पुरतं, ५०० रुपये देऊ नका. अशा फोनमधला डेटा मुळातच एन्क्रिप्ट केलेला असतो, म्हणजे कुलपात असतो, आणि रिसेट केल्यावर फोन त्या कुलपाची किल्लीच नष्ट करतो. मग मेमरीत जे उरतं ते कोणाला वाचता येत नाही, रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं तरी कचराच दिसतो. अँड्रॉइड १० किंवा त्याच्या पुढचं व्हर्जन घेऊन बाजारात आलेल्या प्रत्येक फोनला हे एन्क्रिप्शन सक्तीचं आहे.

जुन्या फोनचं वेगळं आहे. २०१५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी अँड्रॉइड २.३ ते ४.३ वाले २१ वापरलेले फोन तपासले तेव्हा रिसेटनंतर सुद्धा त्यातून डेटा परत काढता आला होता. कपाटात असा पुराना फोन असेल तर सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत जाऊन आधी 'एन्क्रिप्ट फोन' करा, पिन ठेवा, ते पूर्ण होऊ द्या (तास-दीड तास लागतो, चार्जिंगला लावून ठेवा) आणि मग रिसेट करा. खरं सांगायचं तर एवढ्या जुन्या फोनला पैसे पण येत नाहीत, तो विकण्यापेक्षा प्रश्न ९ मध्ये सांगितलंय तसं करा.

३. रिसेटच्या आधी काय काय करायचं, क्रमाने सांगा ना

क्रम महत्त्वाचा आहे कारण लोक आधी रिसेट मारतात आणि मग आठवतं की ओटीपी जनरेट करणारं ॲप त्यातच होतं. तर आधी बॅकअप घ्या, आणि तो नव्या फोनवर उघडून बघा, नुसतं 'बॅकअप पूर्ण झाला' या मेसेजवर विश्वास ठेवू नका, फोटो दिसतायत का, कॉन्टॅक्ट्स आलेत का बघा. मग ते ओटीपी बनवणारं (ऑथेंटिकेटर) ॲप असेल तर ते नव्या फोनवर हलवा. मग व्हॉट्सॲप (प्रश्न ४) आणि पैशांची ॲप्स (प्रश्न ५). मग सेटिंग्जमधून गूगल अकाउंट काढा, सॅमसंग किंवा शाओमीचं वेगळं अकाउंट टाकलं असेल तर ते पण काढा, का ते प्रश्न ६ मध्ये आहे. सिम आणि मेमरी कार्ड काढा, हे पण लोक विसरतात बरं का, ट्रे आत सरकवला की कार्ड दिसतच नाही. ई-सिम असेल तर ते नव्या फोनवर घेतल्याशिवाय पुसू नका. आणि मग सगळ्यात शेवटी सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रिसेट, 'इरेज ऑल डेटा'.

फोन परत चालू झाला की भाषा निवडायची पहिली स्क्रीन येते, तिथेच थांबायचं, वायफाय लावून पुढे जायचं नाही, तसाच बंद करून द्यायचा.

४. व्हॉट्सॲप काढून टाकलं की झालं ना? चॅट नव्या माणसाला दिसतील का?

रिसेट केलात तर नाही दिसणार. नुसतं ॲप काढलं आणि फोन तसाच दिला तर मात्र व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरमधले फोटो, व्हिडिओ, लोकांनी पाठवलेले आधारचे फोटो, सगळं गॅलरीत तसंच राहू शकतं. इथे एक विचार करा, तो डेटा फक्त तुमचा नाहीये, तुमच्या बहिणीने पाठवलेला रिपोर्ट आहे, भाडेकरूचं आधार आहे, त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून पाठवलंय.

व्हॉट्सॲपचं अकाउंट डिलीट करायची गरज नसते, उलट ते केलं तर ग्रुपमधून बाहेर पडाल आणि बॅकअप पण जाईल. नव्या फोनवर नंबर चालू केला की जुन्यावरचं आपोआप बंद होतं. लॅपटॉप विकत असाल तर फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून तो लॅपटॉप लॉग आऊट करा.

५. गूगल पे, फोनपे, बँकेचं ॲप यांचं काय? विकत घेणारा माझ्या खात्यातून पैसे काढू शकतो का?

यूपीआय तुमच्या सिमला बांधलेलं असतं आणि वर पिन लागतो, त्यामुळे सिम तुमच्याकडे असेल आणि फोन रिसेट असेल तर नाही काढू शकत. तरी ॲपमध्ये जाऊन लॉग आऊट करा, बँक खातं अनलिंक करा, डिजिलॉकर आणि एमआधारमधून पण बाहेर पडा, पाच मिनिटांचं काम आहे. फोनमध्ये नोट्समध्ये किंवा कॉन्टॅक्टमध्ये 'एटीएम' नावाने पिन सेव्ह करून ठेवणारे खूप आहेत, आमच्याकडे येणारे काका-मावशी तर हमखास, तो पिन बदलून टाका.

यातला खरा धोका कोणी विचारत नाही. फोनबरोबर नंबर पण बंद करताय का? बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि बँकेत, आधारला, ईमेलला तोच नंबर असेल तर तुमचे ओटीपी त्या अनोळखी माणसाला जायला लागतात. नंबर सोडायच्या आधी सगळीकडे नवीन नंबर लावून घ्या.

६. फोन विकला, आता घेणाऱ्याचा कॉल आलाय की जुन्या मालकाचा गूगल आयडी मागतोय. पासवर्ड सांगू का त्याला?

अजिबात नाही! कितीही चांगला माणूस असला तरी नाही. हे फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन आहे, चोरीचा फोन चोराला वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइड ५.१ पासून आलेलं. तुम्ही अकाउंट न काढता पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून रिकव्हरीतून रिसेट केलं की हे लागतं. त्याला फोन घेऊन यायला सांगा, तुमच्या हाताने आयडी-पासवर्ड टाका, फोन सुरू झाला की सेटिंग्जमधून अकाउंट काढा आणि सेटिंग्जमधूनच परत रिसेट करा. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर कधीकधी २४ तास थांबावं लागतं. माणूस लांबच्या गावचा असेल तर कुरियरने फोन मागवावा लागेल, तरी चालेल, पण पासवर्ड सांगू नका, एका पासवर्डमागे तुमचं ईमेल, फोटो, लोकेशन सगळं आहे.

७. आयफोनला पण हेच सगळं का?

थोडं सोपं आहे. आयफोन २००९ च्या थ्रीजीएसपासूनच हार्डवेअरमध्ये एन्क्रिप्ट होत आलाय. सेटिंग्ज, जनरल, सगळ्यात खाली 'ट्रान्सफर ऑर रिसेट', तिथे 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'. तो ॲपलचा पासवर्ड मागतो, तो टाकला की फाइंड माय (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद होतं आणि ॲक्टिव्हेशन लॉक (फोन तुमच्या अकाउंटला बांधणारं कुलूप) निघतो. ॲपल वॉच जोडलं असेल तर आधी अनपेअर करा.

एक चूक करू नका, आयक्लाउड चालू असताना एक-एक फोटो, कॉन्टॅक्ट हाताने डिलीट करत बसू नका, ते आयक्लाउडमधून पण जातात आणि मग नव्या फोनमधून पण. माझ्या एका गिऱ्हाईकाने लग्नाचा अख्खा अल्बम असा घालवत आणला होता, 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस राहतात म्हणून वाचला.

फाइंड माय बंद न करता विकला असेल तर घाबरू नका, आयक्लाउडच्या साइटवर लॉगिन करून तो फोन आधी इरेज करा आणि मग अकाउंटमधून काढून टाका, हे घरबसल्या होतं.

८. स्क्रीन फुटलीय, टच चालत नाही. एक्स्चेंजला द्यायचाय, रिसेट कसा करू?

दिसतंय पण टच नाही, अशी अवस्था असेल तर ओटीजी केबल आणून साधा यूएसबी माऊस लावा, बाण दिसायला लागतो, सगळं माऊसने करा. काहीच दिसत नसेल तर कुठल्याही ओळखीच्या रिपेअरवाल्याला सांगा की दहा मिनिटांसाठी चेकिंगचा डिस्प्ले लावून दे, आम्ही करतो हे, आणि तुम्ही समोर बसून स्वतः रिसेट करा. तिसरा मार्ग, फोन चालू आहे आणि नेट चालू आहे तर कॉम्प्युटरवरून गूगलच्या फाइंड हबमध्ये (हरवलेला फोन शोधायची सोय) जाऊन लांबूनच पुसता येतो, फक्त अशा वेळी अकाउंटचा लॉक तसाच राहतो, म्हणजे प्रश्न ६ परत येतो. आयफोन असेल तर कॉम्प्युटरला जोडून रिकव्हरी मोडमधून रिस्टोअर करा आणि मग अकाउंटमधून काढा.

९. फोन चालूच होत नाही. गल्लीत 'बंद मोबाईल द्या, डबे घ्या' वाली येते तिला दिला तर?

कृपा करून देऊ नका. बंद म्हणजे बहुतेक वेळा फक्त बॅटरी किंवा चार्जिंगचा पार्ट गेलेला असतो, बोर्ड चांगला असतो, आणि डेटा बोर्डवर असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणात रामगुंडमच्या पोलिसांनी बिहारमधल्या एका टोळीला पकडलं होतं, ते असेच भांडी-प्लॅस्टिकच्या बदल्यात जुने फोन गोळा करत होते, जवळपास ४००० फोन सापडले, सायबर फ्रॉडवाल्यांना विकायचे. दारावर येणारी बाई बिचारी पोटासाठी फिरते, तिचा काही दोष नसेल, पण तिच्या पुढे फोन कुठे जातो हे तिलाही माहीत नसतं.

आधी दुकानात चालू होतो का बघा, झाला तर रिसेट. नाहीच झाला आणि आत महत्त्वाचं असेल तर विकू नका, किंवा नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरला द्या. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यानुसार फोन बनवणाऱ्या कंपन्यांवरच जुना माल रिसायकल करून घ्यायची जबाबदारी आहे, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तरी चालतं. हातोड्याने फोडणं, ड्रिल मारणं हे करू नका, लिथियम बॅटरी पेट घेते.

१०. आईचा साधा बटणांचा फोन आहे, त्यात काय असणार?

कॉन्टॅक्ट्स आणि मेसेज, आणि मेसेजमध्ये बँकेचे. सेटिंग्जमध्ये 'रिस्टोअर फॅक्टरी' असतं, कोड मागितला तर जुन्या नोकियाला १२३४५ चालतो. कोड चालला नाही तर हाताने मेसेज, कॉल, नंबर डिलीट करा आणि कार्ड काढा. या फोनना किंमत येत नाही, त्यामुळे मी तर म्हणतो घरीच ठेवा, पूर आला, लाइट गेली की तोच चालतो.

११. विंडोजचा लॅपटॉप विकायचाय, फॉरमॅट मारू का?

पेन ड्राइव्हवरून नवीन विंडोज टाकून देणं म्हणजे फॉरमॅट, पण ते प्रश्न १ मधलंच झालं, सी ड्राइव्हवर थोडंसं नवीन लिहिलं जातं आणि डी ड्राइव्ह तर तसाच राहतो. त्याऐवजी सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'रिसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि इथे घाई न करता 'चेंज सेटिंग्ज' दाबून 'क्लीन डेटा' चालू करा, आणि सगळे ड्राइव्ह पुसायचा पर्याय पण निवडा. याला काही तास लागतात. पाच-दहा मिनिटांत संपलं म्हणजे क्लीन डेटा चालू केलेला नव्हता.

त्याआधी क्रोम, ईमेल, मायक्रोसॉफ्ट अकाउंट यातून बाहेर पडा, क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड हा लॅपटॉपमधला सगळ्यात महागडा माल आहे. डिजिटल सिग्नेचरचं डोंगल यूएसबीला लावून विसरलेला सीए माझ्याकडे येऊन गेलाय, तर पोर्ट पण बघा. विंडोजच्या लायसन्सची काळजी करू नका, बहुतेक लॅपटॉपमध्ये ते मदरबोर्डला जोडलेलं असतं, रिसेटने जात नाही.

१२. हार्ड डिस्क वेगळी विकायचीय. कोणी म्हणतं ७ वेळा पुसा, कोणी ३५ वेळा, खरं काय?

फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एकदा पूर्ण ओव्हरराइट (जुन्या डेटावर नवीन लिहिणं) पुरे. ३५ चा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या पेपरमधून आलाय, तो त्या काळातल्या वेगवेगळ्या जातीच्या डिस्कचा विचार करून काढला होता आणि आजच्या डिस्कवर ३५ वेळा पुसण्यात अर्थ नाही असं खुद्द त्यांनीच नंतर लिहिलंय. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या मार्गदर्शनात पण साधारण हार्ड डिस्कला एकदाच पुसणं पुरेसं धरलंय.

विंडोजमध्ये डिस्कपार्ट नावाचं टूल असतं, त्यात डिस्क निवडून 'क्लीन ऑल' म्हटलं की प्रत्येक जागेवर शून्य लिहितं. नुसतं 'क्लीन' नाही, 'क्लीन ऑल'. आणि डिस्कचा नंबर तीनदा बघा, चुकीचा नंबर टाकला तर चालू डिस्क जाईल आणि ती मी पण परत आणू शकत नाही, शक्य असेल तर बाकीच्या डिस्क काढूनच ठेवा. १ टीबीला आत लावलेली असेल तर तीन-चार तास, जुन्या यूएसबी २ च्या डब्यातून केलं तर दहाच्या आसपास, रात्री लावून झोपा. डिस्क खराब होत चाललेली असेल, सेक्टर वाचता येत नसतील, तर पुसणं पूर्ण होत नाही, ती विकू नका, उघडून आतल्या तबकड्या नीट वाकवून-ओरखडून टाका.

१३. एसएसडीला पण असंच करायचं?

नाही, इथे वेगळं आहे. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, चिप असतात, आणि तिच्यातला कंट्रोलर झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून डेटा आतल्या आत हलवत राहतो, तुम्ही एका जागेवर लिहिताय असं वाटतं पण तो दुसरीकडेच लिहितो, आणि काही जागा तर तुम्हाला दिसतच नाहीत. त्यामुळे वरवर ओव्हरराइट करून काही कोपरे राहू शकतात. एसएसडीला स्वतःची आतली पुसायची कमांड असते, सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझ, ती कंपनीच्या ॲपमधून देता येते (सॅमसंगचं मॅजिशियन, क्रुशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह), आणि ऑफिस मॉडेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये थेट बायोसमध्ये पण पर्याय असतो.

सगळ्यात चांगलं म्हणजे लॅपटॉप घेतल्या दिवशीच बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू करून ठेवणं. मग विकताना रिसेट केलं की फोनसारखंच, किल्ली गेली की डेटा गेला. रिकव्हरी की मात्र लिहून ठेवा.

१४. आणि मॅक?

टी२ चिप किंवा ॲपलचीच चिप आणि मॉन्टेरे किंवा पुढचं मॅकओएस असेल तर आयफोनसारखंच 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज', पाच मिनिटांत. जुना असेल तर आधी फाइलव्हॉल्ट (मॅकचं एन्क्रिप्शन) चालू करून पूर्ण होऊ द्या, मग पुसा.

१५. पेन ड्राइव्ह, कॅमेऱ्याचं कार्ड?

विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक'वरची टिक काढा, मग पूर्ण फॉरमॅट होतो आणि सगळीकडे शून्य लिहितो. पण थोडे कोपरे राहू शकतात, प्रश्न १३ सारखंच, आणि ३०० रुपयांच्या कार्डसाठी ती जोखीम कशाला. कार्ड विकू नका, कात्रीने मधोमध कापा, चिपवरून.

१६. दुकानाचा पीसी, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, झेरॉक्स मशीन विकतोय. हे लागू होतं का?

तुम्हाला तर सगळ्यात जास्त. डीव्हीआरमध्ये साधी हार्ड डिस्कच असते, ती काढून प्रश्न १२ प्रमाणे पुसा. मोठ्या डिजिटल झेरॉक्स मशीनमध्ये पण डिस्क असते हे खूप कमी जणांना माहीत आहे. अमेरिकेत ॲफिनिटी नावाच्या आरोग्य विमा कंपनीने भाड्याच्या मशीन डिस्क न पुसता परत केल्या होत्या, पेशंटची माहिती त्यात तशीच होती, २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलरहून जास्त भरावे लागले. मॉर्गन स्टॅनलीसारख्या बँकेने जुने सर्व्हर आणि डिस्क काढायचं काम डेटा पुसायचा अनुभव नसलेल्या मूव्हिंग कंपनीला दिलं, त्या ऑनलाइन लिलावात पोचल्या, २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलर दंड. आपल्याकडे पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय. दवाखाना, क्लास, पतसंस्था, सोसायटीचं ऑफिस, कोणाचंही असेल, डिस्क काढून स्वतःकडे ठेवा आणि मशीन डिस्कशिवाय विका, हजार-पाचशे कमी येतील.

१७. स्मार्ट टीव्ही, घड्याळ, राउटर?

टीव्हीत सेटिंग्जमधून फॅक्टरी रिसेट, नाहीतर पुढचे सहा महिने कोणीतरी तुमच्या अकाउंटवर सिनेमे बघतं आणि यूट्यूबवर तुमची हिस्टरी. घड्याळ फोनमधून अनपेअर करून रिसेट. राउटरच्या मागे बारीक भोक असतं, पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा.

१८. विकायचा नाहीये, फक्त रिपेअरला द्यायचाय. रिसेट करू का?

बॅकअप असेल तर करा, उत्तम. नसेल करायचा तर सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड असतो, तो लावला की आम्हाला फोन चालवून बघता येतो पण तुमचे फोटो, मेसेज दिसत नाहीत. मी स्वतः रिपेअरवाला आहे तरी सांगतो, पिन लिहून देऊ नका, समोर थांबून स्वतः उघडून द्या. खरा कारागीर यावर चिडत नाही.

१९. विकलेल्या फोनवरून उद्या कोणी फ्रॉड केला तर पोलीस माझ्याकडे येतील का?

फोनचं बिल तुमच्या नावावर असतं, त्यामुळे चौकशी येऊ शकते. म्हणून विकताना साध्या कागदावर तारीख, मॉडेल, आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा नंबर), घेणाऱ्याचं नाव, नंबर लिहून सही घ्या. आयएमईआय *#०६# डायल केलं की दिसतो. घेणाऱ्याला पण सांगा की इंग्रजीत केवायएम लिहून स्पेस देऊन आयएमईआय टाकून १४४२२ वर मेसेज केला की फोन ब्लॉक केलेला आहे का कळतं, दोघांचीही खात्री होते. तो कागद फाइलला लावून ठेवा.

२०. बाबा गेले. त्यांचा फोन घरात पडून आहे, पिन माहीत नाही. विकून टाकू का?

एवढ्यात नको. निदान वर्षभर तरी नको. त्यांचं सिम रिचार्ज करत राहा, बँक, विमा, पेन्शन, गॅस, सगळ्याचे ओटीपी त्यावरच येणार आहेत. पिनशिवाय त्यातले फोटो मी किंवा कोणी दुकानदार काढून देऊ शकत नाही, पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पण फोटो गूगलवर बॅकअप होत असतील तर ते अकाउंटमध्ये आहेत, आणि गेलेल्या माणसाच्या अकाउंटसाठी जवळच्या नातेवाइकांनी अर्ज करायची सोय गूगल आणि ॲपल दोघांकडे आहे, मृत्यूचा दाखला लागतो. पिन माहीत नसताना रिकव्हरीतून रिसेट करायला जाऊ नका, आत जे आहे ते कायमचं जाईल आणि वर प्रश्न ६ मधला लॉक बसेल. फोन महिन्या-दोन महिन्यांनी अर्धा चार्ज करून ठेवत जा. आमच्याकडे एका मुलीने दीड वर्षाने वडिलांच्या जुन्या डायरीत चार आकडे शोधले आणि फोन उघडला.